पत्रा बदलण्याआधी

मे महिना अर्धा सरला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या हार्डवेअरच्या दुकानांबाहेर निळ्या ताडपत्रीचे रोल उभे राहतात. गल्लीगल्लीत पत्रेवाल्याची शोधाशोध सुरू होते. कोकणात या दिवसांत घरे शाकारतात. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा ठोकून पाहायच्या, कुजलेले बदलायचे आणि पुन्हा ओळीने कौले लावायची. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे गाव रत्नागिरी किंवा रायगडात आहे, त्यांना हे सांगायला नको. गावी शाकारणीसाठी कोणाला विचारावे लागत नाही, फार तर शेजाऱ्याची शिडी मागावी लागते. मुंबईच्या उपनगरात मात्र पत्रा हलला की पाठोपाठ पालिकेचा माणूस येतो. मग गल्लीतला कोणी जाणकार "काही होत नाही" म्हणतो, दुसरा "तोडून टाकतील" म्हणतो, आणि घरमालक या दोघांच्या मध्ये उभा.

या महिन्यात आम्ही त्या दोघांना बाजूला ठेवून कायदा काय म्हणतो तेवढे पाहणार आहोत. त्यातला एक मुद्दा आम्हांला पटत नाही, तोही सांगणार आहोत.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे. त्याचे कलम ३४२ म्हणते की घरात वाढ, बदल किंवा मोठी दुरुस्ती करायची असेल तर आयुक्तांना आधी सूचना द्यायची. यातून 'भाडेकरूने करावयाच्या किरकोळ दुरुस्त्या' वगळल्या आहेत. वॉर्ड ऑफिसात यालाच 'टेनेन्टेबल रिपेअर्स' म्हणतात. नाव भाडेकरूचे असले तरी मालकानेही हेच पाहायचे. गिलावा, रंग, लादी बदलणे, मोरी-संडासाची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप, विजेची वायरिंग हे त्या यादीत येते. यादीत छपराचाही उल्लेख आहे, आणि वाद तिथेच आहे. छप्पर बदलायला हरकत नाही, पण त्याच साहित्याने. त्याच कलमात पुढे काय चालणार नाही तेही लिहिले आहे: घराची लांबी, रुंदी, उंची बदलणे, भार पेलणाऱ्या भिंती काढणे, पोटमाळा घालणे किंवा वाढवणे, आणि उतरते छप्पर सपाट करणे किंवा वेगळ्या साहित्याने त्याची दुरुस्ती करणे.

म्हणजे कौलाच्या जागी कौल, सिमेंटच्या पत्र्याच्या जागी सिमेंटचा पत्रा, लोखंडी पत्र्याच्या जागी लोखंडी पत्रा. एवढे केले तर परवानगीची गरज नाही. कौले काढून पत्रा घातला किंवा पत्रा काढून स्लॅब टाकला, तर परवानगी हवी.

सरकारला आमच्या पत्र्याशी काय देणेघेणे, असे ऐकायला मिळते. देणेघेणे आहे, आणि ते जुने आहे. १७ फेब्रुवारी १८०३ ला मुंबईच्या कोटात आग लागली आणि घरांच्या रांगाच्या रांगा गेल्या. याच अधिनियमातले कलम ३४९ आगीचाच विचार करते. गवत, पाने, चटया, कापड, लाकूड अशा पेट घेणाऱ्या वस्तूंचे छप्पर किंवा बाहेरची भिंत परवानगीशिवाय करता येत नाही. दाटीच्या वस्तीत एका घराचे छप्पर पेटले तर ते चाळीस घरांचे होते. असल्फ्याच्या किंवा जोगेश्वरीच्या गल्लीतून ज्यांनी कधी सिलिंडर खांद्यावर नेला आहे त्यांना हे कलम समजावून द्यावे लागणार नाही.

३४२ मधल्या 'त्याच साहित्याने' या अटीमागचे कारण मात्र वेगळे आहे. कौलावर किंवा पत्र्यावर मजला चढत नाही. स्लॅबवर चढतो. आज सपाट झालेले छप्पर दोन वर्षांनी कोणाच्या तरी खोलीची जमीन होते, मग त्या खोलीवर आणखी एक पत्रा बसतो. पालिकेला प्रत्येक घराची उंची रोज मोजता येत नाही, म्हणून उंचीला साहित्याचे कुलूप लावले आहे. हे कुलूप निष्कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. ९ जून २०२१ च्या रात्री मालाडच्या मालवणीत चढवत नेलेले एक घर शेजारच्या घरावर कोसळले. बारा माणसे गेली, त्यांत आठ लहान मुले. तौक्ते वादळ होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन चौकशी लावली. झोपडपट्टीतल्या घरांना १४ फुटांची मर्यादा का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी मालवणीची ती रात्र आठवावी. चौदा फुटांच्या घराला जो पाया लागतो तो बहुतेकांकडे नसतो. तीन मजल्यांचा तर नाहीच नाही.

पण कुलूप लावताना आत काय अडकले, हेही कोणी पाहिले पाहिजे.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या चाळीत राहते. वडील रिक्षा चालवतात, अम्मी घरी शिवणकाम करतात, तीन मुले. मधल्या मुलीला दमा आहे. घरावर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा सिमेंटचा पत्रा होता. काळा पडलेला, कडा झिजलेल्या, वारा सुटला की भांड्यांवर राखाडी भुकटी बसायची. डॉक्टरांनी धूळ टाळा म्हटले. घरच्यांनी दोन वर्षे पैसे साठवले आणि गेल्या उन्हाळ्यात जुने पत्रे काढून आतून थर दिलेला रंगीत लोखंडी पत्रा बसवला. पाणी नीट ओघळावे म्हणून कंत्राटदाराने मागची भिंत दीड फूट उचलली. त्याने सांगितले होते की सगळे माझ्याकडे लागले. नोटीस आली तेव्हा त्याचा फोन बंद होता.

तक्रार शेजाऱ्याची होती. नव्या पत्र्याचे पाणी त्याच्या दारात पडणार होते, आणि त्याचे म्हणणे खरे होते. नोटिशीत दोन गोष्टी लिहिल्या होत्या: उंची वाढवली, साहित्य बदलले. शेवटी पत्रे उतरले, भिंत कमी झाली आणि तो पावसाळा त्यांनी ताडपत्रीखाली काढला. सगळे आटोपल्यावर त्या भाईंनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. "सर, मी तोच जुना सिमेंटचा पत्रा नवा आणून बसवला असता, तर नोटीस आली असती का?"

उंची तेवढीच ठेवली असती तर नसती आली. कलमाप्रमाणे तो 'त्याच साहित्याने' बदललेला पत्रा ठरला असता.

आता हा 'तोच सिमेंटचा पत्रा' म्हणजे काय ते पाहू. बाजारात ज्याला नुसता सिमेंटचा पत्रा म्हणतात त्यात बहुतेक वेळा सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. तंतूंनी पत्रा मजबूत होतो, गंजत नाही, स्वस्त पडतो. म्हणून गरिबांच्या घरांवर, शाळांवर, गोदामांवर तो पसरला. आपल्या उपनगरांचे त्याच्याशी नाते तर अगदी घरचे आहे. मुलुंडला हे पत्रे बनवणारा कारखाना होता. घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर हिंदुस्थान फेरोडोमध्ये ॲस्बेस्टॉसचे कापड आणि ब्रेक लायनिंग बनत असे, आणि ही कंपनी टर्नर अँड न्यूअल या ब्रिटिश समूहाची होती. मुंबईतल्या अशा ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची डॉक्टरांनी तपासणी केली, तिचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येकांच्या फुफ्फुसांत ॲस्बेस्टोसिस निघाला. हा आजार लगेच दिसत नाही. तंतू श्वासावाटे आत जातात, तिथेच राहतात, आणि वीस-तीस वर्षांनी माणूस जिना चढताना धापा टाकू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे की सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, आणि स्वतःच्या खाणी असलेल्या ब्राझीलनेही २०१७ मध्ये दार लावले. आपल्या देशात नव्या खाणकामाला परवानगी नाही, पण पांढरे ॲस्बेस्टॉस बाहेरून येते आणि त्याचे पत्रे होतात.

घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. चांगल्या स्थितीतल्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. त्याखाली झोपल्याने कोणी उद्या आजारी पडत नाही. धोका असतो तो पत्रा कापताना, फोडताना, भोक पाडताना, कोरड्या ब्रशने घासताना, आणि तो जुना होऊन भुकटी होऊ लागतो तेव्हा. सर्वांत जास्त धोका त्या कारागिराला, जो तोंडावर रुमालही न बांधता ग्राइंडर चालवतो. त्याचे वय आमच्या दहावीच्या मुलांहून फार जास्त नसते.

म्हणून आम्हांला पटत नाही ते हे. कायद्याला उंची रोखायची आहे, ती त्याने जरूर रोखावी. पण उंची तीच, उतार तोच, भिंती त्याच राहणार असतील आणि कोणी ॲस्बेस्टॉस काढून दुसरा न जळणारा पत्रा घालत असेल, तर त्याला परवानगीच्या रांगेत उभे करायचे आणि पुन्हा ॲस्बेस्टॉसच घालणाऱ्याला मोकळे सोडायचे, याला काय म्हणावे? कलम लिहिले गेले तेव्हा 'वेगळे साहित्य' म्हणजे स्लॅब एवढेच डोळ्यांसमोर असावे, असे आम्हांला वाटते. कौलारू घरांचेही तेच. मरोळ, आंबोली, एक्सर, गोराईसारख्या गावठाणांत आणि जुन्या चाळींत मंगलोरी कौले आहेत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला, तिथून ही कौले किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत आली. आज तशी कौले आणि ती नीट बसवणारा हात शोधावा लागतो. माणूस नाइलाजाने कौले उतरवून पत्रा घालतो, तर तोही 'वेगळ्या साहित्याचा' गुन्हेगार.

छपराचे काम काय, याचा विचार करताना आम्हांला मस्जिदे नबवी आठवते. सुरुवातीला तिचे छप्पर खजुराच्या झावळ्यांचे होते. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग बुखारी शरीफमध्ये आहे. रमजानच्या एकविसाव्या रात्री पाऊस झाला, छप्पर गळले, आणि फज्रच्या नमाजनंतर प्रेषित (सल्ल.) यांच्या कपाळावर चिखलाची खूण दिसत होती. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मशीद नव्याने बांधायला घेतली तेव्हा कारागिरांना बजावले की लोकांचा पावसापासून बचाव होईल असे करा, लाल-पिवळ्या सजावटीच्या मागे लागू नका. (आजच्या रंगीत पत्र्यांचे कॅटलॉग पाहताना ही ताकीद हटकून आठवते. पण घरातल्या बायकांना निळाच हवा असेल तर आम्ही मध्ये पडणार नाही.)

हजरत उमर (रजि.) यांचीच आणखी एक गोष्ट सीरतच्या पुस्तकांत येते. प्रेषितांचे चाचा हजरत अब्बास (रजि.) यांच्या घराच्या पन्हळीचे पाणी मशिदीच्या वाटेवर पडायचे. एकदा ते खलिफांच्या कपड्यांवर पडले आणि त्यांनी पन्हळ काढून टाकायला सांगितली. हजरत अब्बास म्हणाले की ही पन्हळ स्वतः प्रेषितांनी (सल्ल.) तिथे बसवली होती. तेव्हा खलिफांनी त्यांना आपल्या खांद्यावर उभे राहून ती पुन्हा होती तिथेच बसवायला लावली. आम्हांला या गोष्टीत दोन्ही बाजू दिसतात. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने तोडायचा हुकूम देण्याआधी घरवाल्याचे ऐकावे. आणि पन्हळीचे पाणी कुठे पडते हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीही रस्त्यावरच्या माणसाचा हक्क मानला जात होता. अंधेरीच्या त्या चाळीत अर्धे भांडण पाण्याचेच होते. पत्रा बसवण्याआधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन दोन मिनिटे बोलले असते आणि पन्हळीचे तोंड गटाराकडे वळवले असते, तर तक्रार झालीच नसती.

आता या मोसमात काय करावे ते.

काम सुरू करण्याआधी घराचे चारही बाजूंनी फोटो काढा, जुना पत्रा आणि भिंतीची उंची दिसेल असे. मोजपट्टी भिंतीला लावून एक फोटो काढला तर उत्तम. उंची वाढवली नाही, हे नंतर सिद्ध करायला याहून चांगला पुरावा नाही. घर जुने असेल तर त्याची कागदपत्रे एका फायलीत ठेवा. पालिका राहत्या बांधकामासाठी १७ एप्रिल १९६४ आणि व्यापारी गाळ्यासाठी १ एप्रिल १९६२ ही तारीख पाहते. त्याआधीचे बांधकाम असल्याचा पुरावा म्हणजे कराची जुनी पावती, भाडेपावती, विजेचे बिल. झोपडपट्टीतल्या घराला १९७६ च्या गणनेचा फोटोपास असेल तर तो सोन्यासारखा जपा. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर संरक्षण आहे, आणि २००० ते १ जानेवारी २०११ दरम्यानच्यांना पैसे भरून पुनर्वसनाची तरतूद आहे. ही कागदपत्रे पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. छप्पर गळते तेव्हा सर्वांत आधी तीच भिजतात.

साहित्य बदलायचे असेल तर आपल्या वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागात लेखी अर्ज द्या. अंधेरी पूर्वेला के पूर्व, पश्चिमेला के पश्चिम, घाटकोपरला एन, मुलुंडला टी, बोरिवलीला आर मध्य. अर्जात उंची, उतार, भिंती बदलणार नाही हे स्पष्ट लिहा, फोटो जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सिमेंटचाच पत्रा घालायचा असेल तर दुकानात ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंटचा पत्रा मागा. तो मिळतो, थोडा महाग पडतो. बिलावर तसे लिहून घ्या.

नोटीस आलीच तर ती घेण्याचे टाळू नका. ३५४ अ म्हणजे चालू काम थांबवण्याची नोटीस, ३५१ म्हणजे झालेले बांधकाम अधिकृत कसे ते दाखवा अशी नोटीस. दोन्हींना मुदतीत लेखी उत्तर द्यावे लागते. तोंडी उत्तराची नोंद कुठेच होत नाही. 'सेटिंग' करणाऱ्याला पैसे देऊ नका. रिश्वत देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, हे मदरशातले मूलही सांगेल. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की रिश्वतीची पावती मिळत नाही. साहेब बदलला की दिलेले पैसे गेले आणि नोटीस पुन्हा आली.

मुलुंड-बोरिवलीच्या इमारतींत राहणाऱ्या वाचकांचा प्रश्न गच्चीचा असतो. विकास नियंत्रण नियमावलीत फक्त पावसाळ्यापुरती गच्ची झाकण्यासाठी तात्पुरत्या परवानगीची सोय आहे. शब्द 'पावसाळ्यापुरती' असा आहे. दिवाळीनंतरही उभी राहिलेली शेड, जिच्याखाली सोसायटीने कॅरम आणि खुर्च्या मांडल्या आहेत, ती या सोयीत बसत नाही.

उन्हाबद्दल थोडेसे. पत्र्याखाली दुपारी मुलांना पुस्तक धरवत नाही, हे आम्हा शिक्षकांना परीक्षेच्या निकालात दिसते. अहमदाबादेत गरीब वस्त्यांची छपरे पांढऱ्या रंगाने रंगवण्याचे काम झाले आहे, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच आणले. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. रंग देणे किरकोळ दुरुस्तीतच मोडते, म्हणून पत्र्याला वरून चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात द्यायला कोणाची परवानगी नको. फक्त सिमेंटचा पत्रा रंगवण्याआधी कोरडा घासू नका. पाण्याने भिजवा, ओल्या कापडाने पुसा.

कलम ३४२ बदलणे नगरसेवकाच्या हातात नाही. अधिनियम राज्याचा आहे, तो विधिमंडळात बदलतो. म्हणून हा प्रश्न आमदारांना विचारायचा, तोही नेमका: उंची आणि मापे न बदलता ॲस्बेस्टॉसचा पत्रा काढून दुसरे न जळणारे छप्पर घालणे किरकोळ दुरुस्तीच्या यादीत का घेत नाही? मोहल्ला कमिटी आणि मशिदीच्या ट्रस्टींनी सह्या गोळा करून निवेदन दिले तर तो चाळीचा प्रश्न राहणार नाही. अशा निवेदनात शेजारच्या मंदिराच्या मंडळाचीही सही घ्यावी. पत्रा त्यांच्या घरावरही तोच आहे.

आणि काम सुरू झाल्यावर एवढे सांभाळा. जुना सिमेंटचा पत्रा वरून शाबूत दिसला तरी माणसाचे वजन पेलेलच असे नाही, दर पावसाळ्याआधी कोणीतरी त्यातून खाली पडतो. पत्रेवाल्याला वाशांवर आडवी फळी टाकून चालायला सांगा, ती फळी तुम्ही द्या. पत्रा काढताना पाणी मारा, अख्खा उतरवा, फोडू नका, तोंडाला मास्क बांधायला लावा. मुलांना त्या दिवशी नानीकडे पाठवा. उतरवलेले तुकडे गल्लीच्या तोंडाशी टाकू नका, मुले त्यांनी खडूसारखे रस्त्यावर चौकोन काढतात. ओल्या गोणीत बांधा, आणि पालिकेचा राडारोडा उचलणाऱ्यांना देताना आत काय आहे ते सांगून द्या.